ट्रॅक्टरला विमा सक्तीचा, दवाखान्याला का नाही?

कापूस घेऊन मार्केट यार्डाकडे निघालेल्या ट्रॅक्टरने वाटेत कोणाला धडक दिली, तर पोलीस येण्याच्या आधीच गर्दीतून एक प्रश्न हमखास येतो : "इन्शुरन्स चालू आहे ना?" जैनथपासून उटनूरपर्यंत हा प्रश्न आता शाळकरी पोरांनाही ठाऊक झाला आहे. पण शस्त्रक्रियेत चूक होऊन घरची सून दगावली, किंवा चुकीच्या इंजेक्शनाने कमावत्या माणसाचा हात निकामी झाला, तर दवाखान्याच्या दारात हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. डॉक्टरचाही असा विमा असतो, हेच आपल्याला माहीत नसते. म्हणून या वेळी बी-बियाणे आणि खते बाजूला ठेवून या विम्याविषयी आणि त्यावर सरकारची देखरेख कुठवर पोचते याविषयी थोडे लिहितो.

ट्रॅक्टरचे उदाहरण घेतलेच आहे, तर तेच पुढे नेऊ. वाहनाने तिऱ्हाइताचे नुकसान केले तर ते भरून देणारा विमा आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आणि १९८८ च्या कायद्याने ती सक्ती कायम ठेवली. सरकारने येथे तीन गोष्टी केल्या. विम्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणे गुन्हा ठरवला. या विम्याचा हप्ता किती असावा ते कंपनीच्या मर्जीवर न सोडता सरकारी अधिसूचनेने ठरवण्याची पद्धत घातली. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, जखमी माणसाला किंवा मृताच्या वारसांना थेट विमा कंपनीकडून पैसे मिळतील अशी तजवीज केली. ट्रॅक्टरवाल्याकडे घरात फुटकी कवडी नसली तरी न्यायाधिकरणाच्या हुकुमाप्रमाणे कंपनीला रक्कम भरावी लागते.

डॉक्टरांच्या बाबतीत या तिन्हीपैकी एकही गोष्ट नाही. डॉक्टरने विमा घेतलाच पाहिजे असा देशभर लागू असलेला कायदा नाही. वैद्यकीय परिषदेत नाव नोंदवताना विम्याचा कागद मागत नाहीत. हप्ता किती घ्यावा हे कंपनी ठरवते, आणि तो डॉक्टर काय काम करतो यावर अवलंबून असतो; ताप-खोकल्याची औषधे देणाऱ्याला कमी, भूल देणाऱ्याला, बाळंतपणे करणाऱ्याला आणि हाडांची शस्त्रक्रिया करणाऱ्याला अधिक. आणि विमा असला तरी तो डॉक्टर आणि कंपनी यांच्यातला करार असतो. ट्रॅक्टरच्या धडकेतल्या जखमी माणसाला जसा कंपनीवर थेट हक्क मिळतो, तसा हक्क रोग्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

मग सरकार करते तरी काय? सरकार विमा विकणाऱ्यावर नजर ठेवते. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे हा व्यवसाय खाजगी कंपन्यांच्या हातात होता. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभराहून अधिक कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या बनल्या : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. या प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय दूर दिल्ली-मुंबईला नसून आपल्या हैदराबादेतच आहे. कंपनीपाशी देणी भागवण्याइतका पैसा शिल्लक आहे की नाही हे ते तपासते. ठरवून दिलेल्या किमान राखीव मर्यादेच्या दीडपट रक्कम प्रत्येक कंपनीला राखावी लागते. पॉलिसीतील शब्द, दाव्याची हाताळणी, एजंटांच्या नेमणुकीचे नियम हेही त्याच्या कक्षेत येते. हप्ता आधी हातात पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा नियम तर १९३८ च्या विमा कायद्यातच आहे. म्हणजे, विकली जाणारी पॉलिसी सरकारी नजरेखाली असते. ती डॉक्टरने विकत घ्यावी की नाही, याविषयी सरकार गप्प आहे.

आता या पॉलिसीच्या आत डोकावू. तिला डॉक्टर मंडळी 'इन्डेम्निटी' म्हणतात. उपचारातील निष्काळजीपणामुळे रोग्याला द्यावी लागणारी भरपाई आणि कोर्टाचा खर्च, असे दोन्ही तीत येते. एका प्रकरणाला कमाल किती आणि वर्षभरात सर्व मिळून किती, याची मर्यादा लिहिलेली असते. त्यावरची रक्कम डॉक्टरच्या खिशातून. दंड, गुन्हेगारी कृत्य, नशेत केलेला उपचार आणि आपल्या पदवीला परवानगी नसलेला उपचार हे सारे वगळलेले असते. रुग्णालय मोठे असेल तर रुग्णालयाची पॉलिसी निराळी आणि डॉक्टरची निराळी असते. एकाच्या कागदाने दुसऱ्याची जबाबदारी फिटत नाही. याखेरीज डॉक्टरांच्या काही संघटना वर्गणी काढून आपसात संरक्षण योजना चालवतात.

दोन अटी मात्र वाचकांनी नीट समजून घ्याव्यात, कारण त्यांचा चटका आपल्याला बसतो. पहिली अशी : ही पॉलिसी बहुधा 'दावा येईल त्या वर्षी' लागू होते. समजा, शस्त्रक्रिया २०२३ साली झाली आणि तक्रार २०२५ साली दाखल झाली. तर २०२५ साली चालू असलेली पॉलिसी पैसे देते, आणि तेही मधल्या वर्षांत ती खंड न पडता नूतनीकरण होत आली असेल तरच. डॉक्टरने मध्येच हप्ता भरणे सोडले, किंवा दवाखाना बंद करून दुसरीकडे गेला, तर उपचाराच्या दिवशी असलेला विमा तक्रारीच्या दिवशी उरत नाही. ट्रॅक्टरच्या अपघातात अपघाताच्या दिवशीचा कागद पाहतात. येथे हिशेब वेगळा आहे.

दुसरी अट म्हणजे कंपनीच्या लेखी संमतीशिवाय डॉक्टरने चूक कबूल करायची नाही, भरपाईचा शब्दही द्यायचा नाही. काल-परवापर्यंत घरच्यासारखा बोलणारा डॉक्टर घटना घडताच मुका का होतो, याचे एक कारण हे आहे. कित्येक कुटुंबांना त्या गप्प बसण्याचा मरणापेक्षाही अधिक राग येतो, हे आम्ही पाहिले आहे. एका घरच्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात दोन दिवस दारात बसवून ठेवले, पण काय झाले ते कोणी समोर येऊन सांगितले नाही. पॉलिसीत अपराध कबूल करण्यास मनाई असते. काय उपचार केले आणि काय घडले, ही माहिती देण्यास मनाई असू शकत नाही, आणि ती माहिती मागणे हा रोग्याचा हक्क आहे.

हक्काची गोष्ट निघालीच आहे तर न्यायालयांनी काय सांगितले तेही पाहू. डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरणारा आपल्या देशातला एक जुना व महत्त्वाचा निकाल मराठी मुलखातलाच आहे. १९५३ साली कोकणात समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्याला नेले. भूल न देता हाड ओढून बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यानंतर तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला आणि भरपाई होती ३,००० रुपये. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्या निकालात सांगितली आहेत : हा रोगी आपण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, उपचार कोणता हे ठरवताना काळजी घेणे आणि तो उपचार करताना काळजी घेणे. रोगी बरा झालाच पाहिजे, असे कर्तव्य त्यात नाही. हे आपण विसरतो. मृत्यू झाला म्हणजे चूक झालीच, असे कायदा मानत नाही.

दुसरा निकाल औरंगाबादचा. १९६३ सालच्या जुलैत तेथील सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि पोटदुखी थांबेना. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. त्याच महिन्यात ती बाई गेली. 'खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार' हा दावा तेहतीस वर्षे चालला. नेमके कोणत्या डॉक्टरच्या हातून टॉवेल राहिला हे सिद्ध झाले नाही, म्हणून सरकार सुटू पाहत होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टॉवेल पोटात राहणे हाच निष्काळजीपणा आहे, आणि आपल्या रुग्णालयातील माणसांच्या चुकीला सरकार जबाबदार आहे. भरपाई ३६,००० रुपये. सरकारी रुग्णालयाच्या मागे विमा कंपनीऐवजी सरकारी तिजोरी उभी असते, हे यावरून ध्यानात यावे. आदिलाबादच्या रिम्समध्ये जाणाऱ्यांनाही हेच लागू.

मात्र तेहतीस वर्षे! बाळंतपणात जन्मलेले ते मूल निकाल लागला तेव्हा तिशी ओलांडून गेले होते.

ही दिरंगाई टाळण्यासाठी १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टर म्हणत, आम्ही दुकानदार नव्हे, हा कायदा आम्हाला नको. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना या कायद्यात आणले. इन्डेम्निटी पॉलिसी गावोगावच्या डॉक्टरांच्या कपाटात आली ती मुख्यतः या निकालानंतर. पुढे २०१३ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात भरपाई सुमारे ६ कोटी रुपयांवर गेली, तेव्हा मोठ्या रुग्णालयांनाही आपल्या पॉलिसीची मर्यादा पुन्हा तपासावी लागली. जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, त्यात आरोग्यसेवेचे नाव नाही म्हणून पुन्हा वाद झाला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. डॉक्टर या कायद्यात आहेत.

आमच्या भागातील लोकांना सर्वात उपयोगी असा निकाल २०१० चा आहे. मलेरिया खात्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाने थंडी-तापाने फणफणलेल्या बायकोला २००२ साली हैदराबादच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. तिला मलेरिया होता, उपचार झाला टायफॉइडचा. जिल्हा मंचाने २ लाख रुपये भरपाई दिली, राज्य आयोगाने ती काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. चूक उघडउघड दिसत असेल तेथे प्रत्येक वेळी तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष आणलीच पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. पावसाळा लागला की आपल्या पाड्यांवर मलेरिया ठरलेलाच. रक्त तपासल्याची चिठ्ठी जपून का ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

२०१९ च्या कायद्याने आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांची मोठी सोय झाली आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते. राज्ये वेगळी झाली तरी आजारी माणसाला घेऊन पैनगंगा ओलांडून यवतमाळ, नांदेड, सेवाग्राम, नागपूर गाठणे चालूच राहिले. पूर्वी तक्रार करायची तर बहुधा त्या रुग्णालयाच्या गावी हेलपाटे घालावे लागत. आता तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. नागपूरला शस्त्रक्रिया झालेल्या तामसीच्या माणसाने आदिलाबादला अर्ज करावा. उपचारासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही. वकील केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्न कितीही असले तरी, फुकट वकील मिळतो. मुदत दोन वर्षांची. ती टाळू नका; पेरणी, मग वेचणी, मग लग्नसराई असे करता करता दोन वर्षे कधी निघून जातात ते कळत नाही.

येथे एक प्रश्न आपल्याच घरचा आहे. सिस्टर चालवतात त्या मिशन दवाखान्यांचे काय? शांता खटल्यातील निकाल असा आहे की, जेथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतो तो दवाखाना, सरकारी असो वा धर्मादाय, ग्राहक कायद्याच्या बाहेर. नाव नोंदवण्याचे किरकोळ पैसे घेतले म्हणून तो आत येत नाही. परंतु ऐपत असलेल्यांकडून उपचाराचे पैसे घेतले आणि गरिबांना फुकट दिले, तर त्या दवाखान्यातील फुकट उपचार घेणारा गरीबही ग्राहक ठरतो. विमा कंपनीने वा नोकरी देणाऱ्याने रोग्याचे पैसे भरले तरी ती सेवा फुकट गणली जात नाही. आपले बरेच धर्मादाय दवाखाने या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तेव्हा 'आम्ही तर सेवा करतो, आम्हाला विम्याची काय गरज' हे म्हणणे टिकणारे नाही. एका मोठ्या हुकुमाने दवाखान्याचे दार बंद झाले तर पाड्यावरची बाळंतीण जाणार कोठे? दवाखान्यात येणारे डॉक्टर आणि काम करणाऱ्या नर्स यांचा समावेश असलेली संस्थेची पॉलिसी घ्यावी आणि तिच्या हप्त्यासाठी पॅरिश समितीने हात पुढे करावा, असे आमचे मत आहे. सर्वस्वी फुकट चालणारा दवाखाना ग्राहक आयोगाबाहेर असला तरी दिवाणी न्यायालयाबाहेर नसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

याउलट, ज्यांना विमा मिळूच शकत नाही अशांकडे आपण सर्वात आधी धाव घेतो. आपल्या तेलंगणात पदवीविना औषधे देणाऱ्याला गावोगाव 'आरएमपी' म्हणतात. त्या तीन अक्षरांचा मूळ अर्थ 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' असा आहे, आणि नोंदणी नसलेल्यालाच आपण त्या नावाने हाक मारतो, ही मोठी गंमत! रात्री-अपरात्री तो येतो, उधारीवर सलाईन लावतो, म्हणून लोक त्याला मानतात. ते आम्हालाही समजते. पण २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याप्रमाणे नोंदणीविना डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या हातून काही बिघडले तर मागे ना कंपनी, ना परिषद, ना तिजोरी. पदवी एका पॅथीची आणि औषधे दुसऱ्या पॅथीची देणाऱ्याचीही गत फार वेगळी नाही. मुंबईत होमिओपॅथीच्या पदवीवर ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रोगी दगावला, त्या 'पूनम वर्मा' खटल्यात १९९६ साली न्यायालयाने असे करणे हाच निष्काळजीपणा ठरवला. नोंदणी असलेल्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर लिहायचा असतो. तो चिठ्ठीवर आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडते.

मग सरकारने हा विमा सक्तीचा करावा का? इंग्लंडमध्ये डॉक्टरला विमा किंवा तत्सम संरक्षण असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. अमेरिकेत हे काम प्रत्येक राज्य आपापल्या परीने करते. १९७० नंतरच्या वर्षांत तेथे हप्ते इतके चढले की डॉक्टर संपावर गेले. तेव्हा कॅलिफोर्नियाने १९७५ साली कायदा करून दुःख-वेदनेबद्दलची भरपाई अडीच लाख डॉलरवर बांधून टाकली. हप्ते आटोक्यात राहावेत हा हेतू होता. पण ती रक्कम २०२३ पर्यंत वाढलीच नाही, आणि मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांतल्या महागाईचा भार रोग्यांनी सोसला. सक्ती केली की हप्ता वाढतो आणि तो शेवटी रोग्याच्या बिलात उतरतो, ही भीती खोटी नाही. म्हणून आम्हाला वाटते, जेथे शस्त्रक्रिया आणि बाळंतपणे होतात त्या खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीलाच विम्याची अट जोडावी, आणि ट्रॅक्टरप्रमाणे पीडिताला कंपनीवर थेट हक्क द्यावा. खेड्यात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या तरुण डॉक्टरवर आज हे ओझे टाकले तर तो शहराकडे निघून जाईल, आणि आपण पुन्हा आरएमपीच्या हाती सापडू.

फौजदारीविषयी थोडेसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास नोंदणीकृत डॉक्टरला उपचाराच्या कामात झालेल्या चुकीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. तो दंड विमा कंपनी भरत नाही. आणि २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाप्रमाणे, फार मोठा निष्काळजीपणा दिसल्याशिवाय व दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय पोलिसांनी डॉक्टरवर कारवाई करू नये असे बंधन आहे. पोलीस ठाण्यात गेल्याने पैसे मिळतात हा समज सोडून द्यावा. दवाखान्याची काच फोडली तर २००८ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडलेल्या यंत्राच्या दुप्पट किंमत आपल्याच माथी येते. ज्याचे माणूस गेले तोच आरोपी होऊन बसतो.

त्यापेक्षा कागद मागावेत. रोगी भरती असतानाच्या सर्व नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात, आणि रोग्याने वा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. हा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आजही लागू आहे. अर्ज तेलुगू, मराठी, इंग्रजी कोणत्याही भाषेत चालेल. रोग्याचे नाव, भरती व सुटीची तारीख लिहून केसपेपर, भूल दिल्याची नोंद, शस्त्रक्रियेची टिपणे आणि तपासण्यांचे अहवाल यांच्या प्रती मागाव्यात. दोन प्रती काढून एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. तक्रार करताना रुग्णालय आणि डॉक्टर दोघांनाही सामनेवाले करावे आणि त्यांची विमा कंपनी कोणती ते सांगण्याचा हुकूम व्हावा, अशी मागणी अर्जातच लिहावी. नाव समजले की कंपनीलाही सामनेवाली करण्याची विनंती आयोगाला करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अर्जाचा कच्चा मसुदा पॅरिश कार्यालयात ठेवला आहे. रविवारी मिस्सेनंतर मागून घ्यावा.